चाकावरची शाळा आणि तिच्यातले कॉम्प्युटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एका फिरत्या वर्गावर मी शिकवते. सिग्नलला गाडी थांबली की शेजारचे लोक काच खाली करून विचारतात, ही कसली बस, आत सतरंजी आणि फळा कशाला. सिग्नल सुटायच्या आत उत्तर देऊन होत नाही म्हणून इथे एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

फिरता वर्ग म्हणजे नक्की काय?

एक बस, आतल्या सीट काढलेल्या, खाली सतरंजी, एका बाजूला फळा, मागे कप्पे, कप्प्यांत पाट्या, गोष्टीची पुस्तकं, रंग आणि लॅपटॉप. गाडी ठरलेल्या चौकात किंवा वस्तीजवळ जाऊन उभी राहते, दोन-अडीच तास वर्ग होतो, मग पुढच्या जागी. दिवसाला तीन ठिकाणं होतात, पावसात कधी दोनच. गाडी चालू असताना वर्ग नसतो, गाडी उभी असतानाच मुलं आत येतात.

ही कल्पना कोणाची? परदेशातून आली का?

नाही हो, आपल्याकडे मुंबई-पुण्यातच याचा मोठा इतिहास आहे आणि आपल्याच लोकांना तो माहीत नसतो याचं मला वाईट वाटतं. 1988 मध्ये रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी मुंबईत डोअर स्टेप स्कूल सुरू केलं, विचार अगदी सरळ, मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या दारात न्यायची. पुढे 1993 ला पुण्यात काम आलं आणि 1998 पासून त्यांची बसमधली शाळा धावायला लागली. त्याच्याही आधी, 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस सुरू केलं होतं, साइटवरच पाळणाघर आणि बालवाडी, काम संपलं की पुढच्या साइटवर. आणि ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा आहे, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेची, कंटेनरमधले वर्ग, ती फिरत नाही पण मुलं जिथे आहेत तिथेच शाळा हे तत्त्व तेच. फिलिपीन्समध्ये तर एफ्रेन पेन्याफ्लोरिदा नावाच्या तरुणाने हातगाडीवर पुस्तकं आणि फळा लादून हेच केलं. म्हणजे बसच पाहिजे असं नाही.

रस्त्यावरची मुलं म्हणजे सगळी अनाथ ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. आमच्या गाडीत येणाऱ्या बहुतेक मुलांना आई असते, बाप असतो, पाठीवर दोन भावंडं असतात, गावाकडे आजी असते. काही कुटुंबं पुलाखाली किंवा फुटपाथवर राहतात, काही मुलं वस्तीत राहतात पण दिवसभर सिग्नलवर गजरे, पेन, फुगे, जानेवारी आणि ऑगस्टमध्ये झेंडे विकतात. घर सोडून एकटीच आलेली मुलं स्टेशनच्या आसपास सापडतात, ती वेगळी, त्यांच्यासाठी काम वेगळं करावं लागतं. लोक मराठवाड्यातून येतात, सोलापूरकडून येतात, कर्नाटकातून येतात, भटक्या-विमुक्त समाजातली बरीच कुटुंबं असतात. घरात पारधी बोलतात, कन्नड बोलतात, रस्त्यावर हिंदी, आणि आमच्याशी मराठी. सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा येतात आणि त्याला लोक अडाणी म्हणतात, याचा मला खरंच राग येतो.

मग शाळेतच का घालत नाही? शाळा तर फुकट आहे.

फुकट आहे, कायदा पण आहे, 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला. पण शाळा साडेसातला किंवा बाराला भरते आणि गजऱ्याचा धंदा संध्याकाळचा असतो, रात्री अकराला झोपलेलं मूल सातला उठत नाही. धाकटं भावंड सांभाळायला घरी कोणी नसतं, त्याला कडेवर घेऊन वर्गात बसू देत नाहीत. आणि दहा वर्षांची मुलगी, कधीच शाळेत गेली नाही, कायद्याप्रमाणे तिला वयानुसार पाचवीत बसवायचं, पण तिला क सुद्धा ओळखता येत नाही. कायद्यात अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षण सांगितलंय, पण ते प्रत्येक शाळेत मिळतंच असं नाही. मग ती दोन आठवडे मागच्या बाकावर बसते आणि तिसऱ्या आठवड्यात सिग्नलवर दिसते. या फटीत आमची गाडी उभी राहते. आम्ही शाळेला पर्याय नाही, आम्ही पूल आहोत, मुलाचं नाव शाळेच्या पटावर लागलं आणि ते तिथे टिकलं तरच आमचं काम झालं असं मी मानते.

जन्मदाखला नाही, आधार नाही, तर शाळा घेते का?

घ्यावंच लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं कायद्यात स्वच्छ लिहिलंय, आणि वर्षाच्या मध्येच आलं म्हणूनही नाकारता येत नाही. पण प्रत्यक्षात काय होतं सांगते. मी एका शाळेत दोन बहिणींना घेऊन गेले होते, ऑफिसात सांगितलं जूनमध्ये या. नोव्हेंबर चालू होता. मी कलमाची झेरॉक्स पुढे ठेवली, एक तास बसून राहिले, मुख्याध्यापक आले, त्यांनी वाचलं आणि स्वतः फॉर्म भरून घेतला. तेव्हापासून झेरॉक्स गाडीत कायम असते, तुम्ही पण ठेवा. भांडायचं नाही, बसून राहायचं.

गाडी किती वाजता येते आणि वेळ चुकली तर काय एवढं?

वेळ चुकली तर सगळंच चुकतं. या मुलांच्या आयुष्यात काहीच वेळेवर होत नाही, जेवण नाही, झोप नाही, महापालिकेची गाडी कधी येऊन सामान उचलून नेईल ते सांगता येत नाही. त्यात एक गोष्ट रोज चारला त्याच झाडाखाली येते हे त्यांना पटायलाच दोन-तीन महिने लागतात. एका ठिकाणी आमची गाडी गिअरबॉक्सच्या कामासाठी नऊ दिवस बंद होती, परत गेलो तेव्हा अठ्ठावीस मुलांपैकी अकराच आली, बाकीच्यांना वाटलं आम्ही पण गेलो. त्यांना परत आणायला आम्हाला पाच आठवडे लागले. म्हणून आता गाडी बंद असली तरी मी आणि ड्रायव्हर काका सतरंजी आणि पाट्या घेऊन रिक्षाने जातो आणि तिथेच झाडाखाली बसतो. बस महत्त्वाची नाही, चार वाजणं महत्त्वाचं.

दोन तासांत शिकवता काय?

आधी हातपाय धुणं, पाण्याची टाकी गाडीलाच आहे. मग गाणं, गप्पा, मग वाचन आणि गणित. इयत्ता नाहीत, गट आहेत, ज्याला अक्षर येतं तो या सतरंजीवर, ज्याला शब्द येतात तो त्या, वय कितीही असो. गणितात मात्र ही मुलं आम्हालाच शिकवतील, पन्नासची नोट घेऊन पंधराचे दोन गजरे दिले तर वीस परत हे सात वर्षांचं पोर डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं, पण तेच कागदावर 50 - 30 लिहिलं की गोंधळतं. म्हणून आम्ही कागद नंतर आणतो, आधी दुकान मांडतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना कॉम्प्युटर कशाला? चैन नाही का ही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं, आधी अक्षर, मग कॉम्प्युटर. नंतर डोळ्यांनी बघितलं की उलटं पण होतं, कॉम्प्युटरमुळे अक्षर येतं.

आम्ही मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिकवतो, इंग्रजी स्पेलिंग वापरून मराठी उमटवायची पद्धत नाही वापरत, कारण मुलांना इंग्रजी येत नाही मग ती उगाच दोन ओझी. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर-मात्रा डाव्या हाताला. म्हणजे उजव्या हाताने क, डाव्या हाताने काना, झालं का. उजवा डावा, उजवा डावा, असं करत करत बाराखडी बोटांत बसते. ज्या मुलाला पाटीवर वर्षभर मात्रा समजली नाही त्याला कीबोर्डवर तीन आठवड्यांत समजलेली मी पाहिली आहे, कारण दाबलं की लगेच समोर दिसतं आणि चुकलं तर कोणी ओरडत नाही, पुसायचं आणि परत. एक मजेची गोष्ट, पहिली वेलांटी लिहिताना आपण आधी काढतो, म्हणजे 'कि' मध्ये वेलांटी क च्या आधी दिसते, पण टाइप करताना क आधी आणि वेलांटी नंतर. मोठी माणसं इथे अडतात. मुलांना मी विचारलं असं का असेल, तर एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा म्हणाला, ताई बोलताना पण क आधीच येतो ना. आणि ते बरोबर आहे, आवाज तसाच आहे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी प्रत्येक जण स्वतःचं नाव टाइप करतो. मोठ्या अक्षरात, आवडत्या रंगात, मग आम्ही प्रिंट काढून देतो. एका मुलीने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत ठेवला, त्या ट्रंकेत रेशनकार्ड पण होतं. शाळेत ॲडमिशनला गेलो तेव्हा बाईंनी नाव कसं लिहायचं विचारलं, तर तिने तो कागद काढून दिला.

हल्ली मोबाईल सगळ्यांकडे असतो, वेगळा कॉम्प्युटर कशाला?

बरोबर, पुलाखालच्या घरात पण एक स्मार्टफोन असतो आणि पोरं त्यात बोलून व्हिडिओ शोधतात, लिहिता न येताही. पण ते बघणं झालं. लॅपटॉपवर आम्ही बनवायला लावतो, टक्स पेंटमध्ये चित्र, एक्सेलसारख्या तक्त्यात आठवड्याच्या विक्रीचा हिशोब, मोठ्या मुलांना स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून गेम. हिशोबाचा धडा तर पोरांनीच मागितला होता. एका मुलीने महिनाभर आकडे भरले आणि तिला कळलं की मंगळवारी आणि शुक्रवारी मंदिराजवळ गजरे जास्त जातात, ते तिला अंदाजाने माहीत होतंच, पण आलेख बघून ती जी खुश झाली ना. फरक एवढाच की फोन त्यांना गिऱ्हाईक करतो आणि इथे ती कारागीर असतात.

मुलं आपोआपच शिकतात म्हणे, नुसता कॉम्प्युटर ठेवला की झालं?

तुम्ही भिंतीतल्या कॉम्प्युटरबद्दल बोलताय. 1999 मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक कॉम्प्युटर बसवला, कोणी शिक्षक नाही, आणि मुलं आपापसात माऊस, इंटरनेट, चित्र काढणं शिकली. पुढे आपल्या सिंधुदुर्गातल्या गावांतही तो प्रयोग झाला. माऊस चालवायला शिक्षक लागत नाही हे मी शंभर टक्के मान्य करते. पण त्यावर टीकाही झालीय आणि आमचा अनुभव टीकेच्या बाजूचा आहे, मोकळं सोडलं की दणकट मुलगा मधे बसतो, मुली मागे उभ्या राहून बघतात आणि सगळे गेम खेळतात. म्हणून आमच्याकडे एका लॅपटॉपला तिघे, दर दहा मिनिटांनी जागा बदल, बुधवारी फक्त मुली. बुधवारची गर्दी बघायला या एकदा.

गाडीत वीज कुठून, नेट कुठून?

बॅटरी आणि इन्व्हर्टर. साधा हिशोब सांगते कारण नवीन लोक इथे फसतात. 12 व्होल्टची 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास, पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला 900. सहा लॅपटॉप प्रत्येकी चाळीस वॉट धरले तर 240, पंखा आणि दिवे धरून 300, म्हणजे जेमतेम तीन तास. म्हणून लॅपटॉप रात्री डेपोतच पूर्ण चार्ज करून आणायचे आणि गाडीतली वीज राखून ठेवायची, टपावर सोलर असेल तर उत्तमच. नेट जवळजवळ लागतच नाही. कोलिब्रीसारखं फुकट सॉफ्टवेअर एका छोट्या कॉम्प्युटरवर टाकलं की तो नेटशिवाय व्हिडिओ आणि स्वाध्याय बाकीच्यांना पुरवतो. पुलाखाली रेंज पण नसते आणि नेट नसलं की मुलांची काळजी पण कमी.

घरी जुना लॅपटॉप पडलाय, देऊ का?

द्या, पण चार्जरसकट द्या आणि तो चालू होतो का ते आधी बघा. बॅटरी तासभर टिकत असेल, कीबोर्डची सगळी बटणं चालत असतील तर बाकीचं आम्ही करून घेतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाकली आणि लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घातली की दहा वर्षांचं मशीनही पळतं. तुमचे फोटो आणि पासवर्ड आधी पुसा. बंद पडलेले प्रिंटर, जुने जाड मॉनिटर कृपया नको, गाडीत जागा नाही.

आईवडील पाठवतात का? कमाई बुडते ना.

सुरुवातीला नाही पाठवत आणि मी त्यांना दोष देत नाही. संध्याकाळचे दोन तास म्हणजे त्या घराचं रात्रीचं जेवण असतं. म्हणून जागेची वेळ आम्ही धंद्याप्रमाणे ठरवतो, गजऱ्याच्या चौकात दुपारी दोन ते चार, बांधकाम साइटवर सकाळी. भाषण देऊन कोणी ऐकत नाही. एका आईने मला सांगितलं, ताई तुम्ही रोज येता म्हणून पाठवते, आधीचे लोक केक कापून गेले. त्यावर मी काय बोलणार. कडेवरची धाकटी भावंडं आम्ही गाडीत घेतो, मागे एक कोपरा त्यांचाच आहे, तिथे खेळणी आहेत, ते केलं आणि मुलींची हजेरी लगेच वाढली.

आम्ही ग्रुपने येऊन वाढदिवस साजरा केला, फोटो काढले तर?

वाढदिवस नको, फोटो तर अजिबात नको. मुलाचा चेहरा, नाव, चौक एकत्र नेटवर गेला की त्याला कोणीही शोधू शकतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यातही बंदी आहे. यायचंच असेल तर एक वार धरा आणि सहा महिने तोच वार या, गोष्ट वाचून दाखवा, तेवढं पुरतं. पोलीस व्हेरिफिकेशन होईपर्यंत आत एकटं कोणालाच सोडत नाही, आणि नंतरही गाडीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं.

कुटुंब गाव बदलून गेलं की सगळं वाया?

वाया नाही जात, पण मन तुटतं. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात, पावसाळ्याआधी काही गावी जातात, रस्तारुंदीकरण आलं की अख्खी वस्ती एका रात्रीत उठते. आम्ही प्रत्येक मुलासाठी एक कार्ड ठेवतो, कुठपर्यंत वाचतो, कुठलं गणित येतं, आणि ते कुटुंबाकडेच देतो. शाळेत नाव असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते तो कागद, मागून घ्यायचं, म्हणजे नवीन गावच्या शाळेत बसता येतं. आणि पटावरून नाव गेलं तर ते मूल कोणाच्याच हिशोबात राहत नाही. आठवतं ना, 4 जुलै 2015 ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे झाला होता, मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली होती. एका दिवसात फिरती माणसं कशी मोजणार, जे त्या दिवशी रस्त्यात होते ते सुटलेच. मोजायचं तर वर्षभर, रोज मोजावं लागतं.

पैसे कुठून येतात?

देणगीदार आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचेत आणि शिक्षण त्यात बसतं. अडचण एकच, गाडी घेऊन द्यायला, लॅपटॉप द्यायला कंपन्या तयार असतात कारण त्यावर नाव लिहिता येतं, पण डिझेल, ड्रायव्हरचा आणि शिक्षिकेचा पगार याला पैसे मिळत नाहीत. आणि खरा खर्च तोच आहे. देणार असाल तर पगाराला द्या.

आमच्या गावात अशी गाडी सुरू करायची तर?

गाडी शेवटी घ्या. आधी तीन महिने एका जागी सतरंजी टाकून बसा, किती मुलं येतात, कोणत्या वेळी येतात, तिथला फुलवाला, चहावाला, ट्रॅफिक हवालदार यांच्याशी ओळख करा, गाडी उभी करायला जागा तेच मिळवून देतात. मग जुनी बस. सीट काढायच्या तर आरटीओची परवानगी आधी, मोटार वाहन कायद्यात बदलाला मंजुरी लागते, नाहीतर फिटनेस आणि विमा दोन्ही अडतात. ड्रायव्हर असा शोधा ज्याला पोरं आवडतात. आमचे काका स्वतः पाढे घेतात.

सिग्नलला पैसे द्यावे की नाही?

माझं मत, मुलाच्या हातात पैसे देऊ नका, कारण मूल जितकं जास्त मिळवतं तितकं ते गाडीत कमी येतं. मुलाला भीक मागायला लावणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड. पण काच वर करून तोंड फिरवू पण नका. नाव विचारा, शाळेत जातो का विचारा.

आमच्या चौकात रोज मुलं दिसतात, कोणाला सांगू?

मूल एकटं असेल, हरवलेलं, जखमी, घाबरलेलं असेल तर लगेच 1098, चोवीस तास चालू आणि फुकट. घरच्यांसोबत असणाऱ्या मुलांसाठी जवळच्या महापालिका शाळेत जाऊन बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम करणारे शिक्षक, कोण आहेत ते विचारा आणि त्यांना चौक सांगा. आम्हाला कळवायचं असेल तर किती मुलं, साधारण वय, कोणत्या वेळी दिसतात आणि घरी कोणती भाषा बोलतात एवढं लिहा, पण एकदा बघून लिहू नका, सलग चार-पाच दिवस त्याच वेळी बघा आणि त्यात एक रविवार धरा, कारण रविवारी मुलं दुसऱ्याच चौकात असतात.